एडगर : फुकट, पण शिळं

वॉरन बफेंमुळे गाजलेल्या बर्कशायर हॅथवे कंपनीनं कोणते शेअर घेतले-विकले ते बघायला मी दर तिमाहीला 'एडगर' उघडते, म्हणजे अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामकाचं कागदपत्रांचं संकेतस्थळ. पैसे नाहीत, लॉगिन नाही. १० कोटी डॉलर किंवा जास्त किमतीचे शेअर सांभाळणाऱ्या संस्थांना १३एफ फॉर्म, म्हणजे तिमाहीअखेर हातात असलेल्या शेअरांची यादी, भरावाच लागतो. पण मुदत ४५ दिवसांची. म्हणजे मार्चअखेरचं ताट मेच्या मध्यावर आपल्यापुढे! रोकड, शॉर्ट सौदे (भाव पडेल या अंदाजानं केलेले) त्यात नसतातच. शिवाय एसईसीच्या परवानगीनं एखाद्या शेअरचं नाव काही काळ झाकताही येतं. अशीच झाकलेली चब विमा कंपनीतली बर्कशायरची खरेदी मे २०२४ मध्ये कळली. आणि हो, जुन्या फॉर्मांत आकडे हजारांत, २०२३ पासून पूर्ण डॉलरमध्ये. दोन्ही शेजारी ठेवून हजारपट वाढ बघून मी हरखले होते! तीन तारे.