'रिफर्बिश्ड' बग्गीत गेलेले तीन लाख दहा हजार

हे लिहायला मला सहा महिने लागले. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण फसलो हे चारचौघांत सांगायची लाज त्याहून जास्त वाटत होती. परवा रावेरकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. त्यांनाही शेतावर पाहुण्यांसाठी बॅटरीवरची बग्गी घ्यायची आहे. त्यांनी मला फोटो पाठवला आणि तो बघून माझ्या पोटात गोळा आला. मी फसलो त्याच गोडाऊनची भिंत, तोच निळा पत्रा. म्हणून आता सगळं लिहून टाकतो.

आमचं शेत यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. केळी तर आहेच, पण चार वर्षांपासून आम्ही हिवाळ्यात भरीत पार्ट्या करतो. बामणोदची वांगी, तुरकाठ्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचलेली, सोबत कळण्याची भाकरी. जळगाव, भुसावळ, पार पुण्याहून लोक येतात, आणि येताना घरातली म्हातारी माणसं आवर्जून घेऊन येतात, कारण ही चव त्यांचीच आहे. अडचण अशी की डांबरी रस्त्यापासून आंब्याखालच्या पंगतीपर्यंत सातशे मीटर चालावं लागतं. मध्ये एक नाला, त्यावर फरशी, आणि फरशीनंतर चढ. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना बैलगाडीत चढवायचं म्हणजे दोन माणसं लागतात. गोल्फच्या मैदानावर चालते तशी चार सीटची बग्गी घ्यावी, हे माझ्या पुतण्याने सुचवलं आणि घरात सगळ्यांना पटलं.

तीन पर्याय समोर होते. नवीन, भारतीय बनावटीची, जीएसटी धरून पाच लाख ऐंशी हजार. दुसरा पर्याय नाशिककडच्या एका रिसॉर्टचा, त्यांच्या वापरातली गाडी एक लाख चाळीस हजारांना. तिसरा सुरतेकडचा एक विक्रेता, ज्याच्याकडे 'रिफर्बिश्ड', म्हणजे जुनी दुरुस्त करून नव्यासारखी केलेली गाडी होती, तीन लाख दहा हजारांत.

रिसॉर्टच्या मालकांशी मी फोनवर बोललो तेव्हा ते सरळ म्हणाले, "दादा, गाडी चांगली आहे, पण बॅटऱ्या संपल्यात. घेतलीत तर नवीन सेट टाकावा लागेल, लाखभर रुपये धरून चाला." मी घाबरलो. ज्या गाडीच्या बॅटऱ्याच गेल्यात ती कशाला घ्यायची, असं मनात आलं आणि फोन ठेवला. खरं सांगणाऱ्या माणसाला मी नाही म्हटलं, आणि गोड बोलणाऱ्याकडे गेलो. त्या दिवशी कागदावर एक लाख चाळीस आणि एक लाख अशी साधी बेरीज मांडली असती, तरी पुढचं काही झालं नसतं.

सुरतेकडच्या माणसाचं बोलणं असं होतं: गाडी एका मोठ्या गोल्फ क्लबची, तीन वर्षं वापरलेली, लीज संपली म्हणून निघाली. आम्ही पूर्ण खोलून नवी करतो. बॅटऱ्या नव्या, एका चार्जिंगमध्ये पन्नास किलोमीटर, सहा महिने वॉरंटी. लीज संपलेल्या गाड्या बाजारात येतात हे खोटं नाही. मोठे क्लब ठरावीक वर्षांनी ताफा बदलतात आणि जुन्या गाड्या दुरुस्त करून विकल्या जातात. खऱ्या गोष्टीच्या आडोशाला खोटी गोष्ट उभी केली की ती चटकन पटते.

मी आणि माझे मेहुणे दिवाळीनंतर गाडी बघायला गेलो. लाल रंग आरशासारखा, सीट नव्या, त्यांवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. छत नवं, टायर नवे. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी चार्जरला लावलेली होती. त्याने आमच्या समोर वायर काढली आणि गोडाऊनच्या सपाट काँक्रीटवर आम्हा दोघांना बसवून दोन चकरा मारल्या. गाडी आवाज न करता पळाली. मग त्याने सीट उचलून बॅटऱ्या दाखवल्या. आठ व्होल्टच्या सहा, एकूण अठ्ठेचाळीस. वरून पुसून लख्ख, नवे स्टिकर, टर्मिनलवर व्हॅसलिन.

त्या व्हॅसलिनखाली काय होतं हे मला तेव्हा बघायला सुचलं नाही. बग्गीत लागणाऱ्या चांगल्या बॅटऱ्यांवर बनावटीची तारीख संकेतात ठोकलेली असते. काही कंपन्या एक अक्षर आणि एक आकडा ठोकतात, अक्षर महिन्याचं आणि आकडा वर्षाचा. आमच्या सहाही बॅटऱ्यांवर ती जागा कानस मारून गुळगुळीत केलेली होती. हे मला सहा आठवड्यांनी कळलं.

घरी आल्यावर बायकोने एकच प्रश्न विचारला, "पक्कं बिल देणार आहे का?" मी तिला म्हटलं, त्याने सांगितलंय, पक्क्या बिलावर अठरा टक्के भरावे लागतील, म्हणजे छप्पन्न हजार जास्त. कशाला भरायचे? हेही खोटंच होतं. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवर, इलेक्ट्रिकसुद्धा, अठरा टक्के जीएसटी आहे हे खरं, पण तो विक्रेत्याच्या मार्जिनवर, म्हणजे खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. तिचं ऐकायला हवं होतं. एक लाख साठ हजार बँकेतून पाठवले, दीड लाख रोख दिले, आणि हातात आली ती साध्या कागदावरची पावती. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'जुनी गाडी, जशी आहे तशी'. सहा महिन्यांची वॉरंटी फक्त त्याच्या बोलण्यात होती.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात दुपारनंतर गाडी मंदावायला लागली. मी फोन केला तर म्हणाला, नवीन बॅटऱ्या आहेत, सेट व्हायला वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात पाच-सहा फेऱ्यांत जीव टाकायची. पन्नास किलोमीटर कुठले, दहासुद्धा होत नव्हते.

डिसेंबरमधला तो रविवार. जळगावचं एक कुटुंब आलेलं, दोन आज्या सोबत. या बग्गीत मागची सीट मागे तोंड करून असते, त्यामुळे दोघी नाल्याकडे बघत बसलेल्या. पुतण्या चालवत होता. फरशी ओलांडून गाडी चढाला लागली, अर्ध्यात आली, गुरगुरली आणि थांबली. पुतण्याने ब्रेक दाबला. गाडी क्षणभर थांबल्यासारखी वाटली आणि मग मागे सरकू लागली. मी वर आंब्याखाली उभा होतो. एका आजींनी दुसऱ्या आजींचा हात घट्ट धरला, एवढंच मला दिसलं. नाल्याच्या काठाला आम्ही भरीत भाजायला तुरकाठ्यांचा ढीग लावलेला, त्यात मागचं चाक अडकलं आणि गाडी थांबली. एका आजींच्या बांगड्या फुटून मनगट कापलं. तो ढीग तिथे नसता तर काय झालं असतं, हा विचार आजही झोपू देत नाही.

नंतर खोलल्यावर कळलं, ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, आणि लायनर झिजून पत्र्याला लागलेले. 'सगळं नवीन' म्हणून सांगितलेल्या यादीत ब्रेकही होते.

दुसऱ्या दिवशी भुसावळहून बॅटरीचं काम करणारे एक काका आणले. आयुष्यभर हेच काम केलेला माणूस. त्यांनी मीटर लावला. रात्रभर चार्ज करून गाडी उभी होती, तेव्हा मीटर पन्नासच्या वर दाखवत होता. मला हायसं वाटलं. काका म्हणाले, "भाऊ, बसलेली गाडी सगळं खरं सांगत नाही." त्यांनी चार जणांना बसवलं, चढावर पुतण्याला हळू पेडल दाबायला सांगितलं आणि एकेका बॅटरीवर मीटरच्या तारा टेकवल्या. पहिली सात पॉइंट सहा. दुसरी सात पॉइंट चार. तिसरीवर तारा टेकवल्या आणि आकडा माझ्या डोळ्यांसमोर आठवरून सात, सहा, पाच असा खाली गेला. पेडल सोडलं, की पुन्हा आठ. तीनदा करून दाखवलं. उभ्या गाडीवर जे आठ दिसतात ते नुसते दिसण्यापुरते होते.

मग हायड्रोमीटर काढला, म्हणजे बॅटरीतलं ॲसिड किती दाट आहे ते मोजणारी नळी. आठ व्होल्टच्या एका बॅटरीत चार सेल, म्हणजे एकूण चोवीस. पूर्ण चार्ज झालेल्या चांगल्या सेलमध्ये काटा १.२७० च्या आसपास यायला हवा. आमच्याकडे १.१५० ते १.२००, आणि तिसऱ्या बॅटरीतल्या एका सेलमध्ये नळीतला तरंगता काटा तळ सोडेनाच. पाणी गढूळ तपकिरी. काकांनी आणखी एक सांगितलं. काही जण विकण्याआधी मेलेल्या सेलमध्ये वरून ॲसिड घालतात. हायड्रोमीटर चांगला दिसतो, पण बॅटरीत ताकद येत नाही. म्हणून फक्त काट्यावर विसंबू नका, गाडी भार घालून चालवून बघा. आपल्याकडच्या उन्हात तर, ते म्हणाले, चांगली बॅटरीही लवकर थकते, मग आधीच थकलेली बॅटरी एक मे महिना काढत नाही.

गाडीचं वय पुतण्याने शोधलं. आमची गाडी 'क्लब कार' या कंपनीची आहे. कंपनीचा यात काहीच दोष नाही, उलट त्यांच्या नंबरमुळेच खरं बाहेर आलं. त्यांच्या सिरीयल नंबरात आधी अक्षरं, मग दोन आकडे वर्षाचे आणि दोन आठवड्याचे असतात. पेडलच्या वरच्या बाजूला स्टिकर होता, त्यावर लाल रंग मारलेला. पुतण्याने नखाने हळूहळू रंग खरवडला. आधी शून्य दिसलं, मग आठ. २००८ सालची गाडी. आम्हाला तीन वर्षांची म्हणून विकलेली. फ्रेम ॲल्युमिनियमची असल्यामुळे गंज दिसत नव्हता, म्हणून वयही दिसलं नाही. पण बॅटऱ्या काढल्यावर खालच्या लोखंडी पट्ट्या ॲसिडने खाऊन पापडासारख्या झालेल्या. त्यावरही रंग होता.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला, तुम्ही पाणी चुकीचं टाकलं. मग म्हणाला, एक लाख चाळीस द्या, लिथियम बॅटरी बसवून देतो, सगळा त्रास संपेल. माझं मन क्षणभर वळलं, खोटं कशाला सांगू. गेलेले पैसे वाचवायला माणूस आणखी पैसे घालायला तयार होतो. काकांनी अडवलं. त्यांनी विचारलं, सेल कुठले, नवे की ई-रिक्षातून काढलेले, आणि चार्जर कोण बदलणार? लिथियमला त्याचा स्वतःचा चार्जर लागतो, लेड-ॲसिडचा जुना चार्जर तसाच लावून चालत नाही. हे दोन प्रश्न मी त्या माणसाला विचारले आणि त्यानंतर त्याने फोन उचललाच नाही.

अजून एक बाब, जी मला इन्शुरन्सवाल्याने सांगितली. विक्रेता म्हणाला होता, बॅटरीची गाडी, नंबर लागत नाही, गावातून खुशाल न्या. नोंदणीतून सूट आहे ती २५० वॅटपेक्षा लहान मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेल्या गाड्यांना. गोल्फ बग्गीची मोटर त्याच्या कितीतरी पट मोठी असते. ती आपल्या आवाराच्या आतच चालवायची. आम्ही दोनदा ती गावातून मंदिरापर्यंत नेली होती. काही झालं असतं तर एक रुपयाही मिळाला नसता.

आता केस. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथून उत्तर आलं नाही तेव्हा वकील गाठला. विक्रेता गुजरातचा असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे जळगावला, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. अडचण एकच: धंद्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही, फक्त स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरण्यासाठी घेतलेली बसते. आमचं सगळं घर राबतं, एकही पगारी माणूस नाही, हे आता सिद्ध करायचं आहे. पुरावा म्हणून बँकेची नोंद आहे, व्हॉट्सॲपवरचे त्याचे मेसेज आहेत, 'बॅटरी नवी' असं बोललेला त्याचा आवाज आहे. रोख दिलेल्या दीड लाखाचा पुरावा नाही.

बग्गी चालू केली आहे. नवा सेट पक्क्या बिलावर घेतला, ब्रेक, केबल, पट्ट्या बदलल्या. सगळं मिळून एक लाख अठ्ठावीस हजार. म्हणजे चार लाख अडतीस हजारांची २००८ सालची गाडी. नवीन आणखी एक लाख बेचाळीस हजारांत आली असती, वॉरंटीसकट.

रावेरच्या त्या भाऊंना मी एवढंच सांगितलं: तुम्हाला वापरलेली घ्यायची असेल तर घ्या, त्यात कमीपणा नाही. पण जाण्याआधी सांगा की गाडी सकाळपासून चार्जरला लावलेली नको. चार माणसं घेऊन जा, चढ शोधा, ती दमेपर्यंत चालवा. सिरीयल नंबर आणि बॅटरीवरची तारीख स्वतः वाचा, नसेल तर परत फिरा. 'रिफर्बिश्ड' म्हणजे काय काय बदललं, ते एकेक करून बिलावर लिहून घ्या. आणि रंग, सीट, छत यांच्याकडे बघूच नका.

ते शनिवारी निघणार आहेत. मी हायड्रोमीटर आणि मीटर विकत घेऊन ठेवलेत, ते त्यांना दिले. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचं आणखी कुणी गाडी बघायला जाणार असेल तर माझ्याकडून घेऊन जा, काम झालं की परत आणून द्या. सोबत कुणी हवं असेल तर मीही येईन.