लॅब्राडॉरसाठी घेतलेला किचनचा वजनकाटा

आधीच सांगतो, ही पेट शॉपमध्ये मिळणारी वस्तू नाहीये. नागपुरात बर्डीवरच्या भांड्याच्या दुकानातून घेतलेला साधा डिजिटल काटा आहे, घरी केक करणारे वापरतात तो. वर सपाट प्लेट, 5 किलोपर्यंत मोजतो, 1 ग्रॅमचा फरक दाखवतो, दोन पेन्सिल सेल लागतात, किंमत चारशेच्या आत. आमच्या भुऱ्याचं वजन उतरवायला आतापर्यंत घरात जे काही आलं, म्हणजे हळू खायचा तो चक्रव्यूहवाला बाऊल, लाइट लिहिलेली फूडची बॅग, बॉल फेकायचा दांडा, त्या सगळ्यात खरा कामाचा हाच निघाला म्हणून लिहून राहिलो.

भुऱ्या पाच वर्षांचा लॅब आहे, नसबंदी झालेली, वजन तेव्हा 38 किलो. लसीला नेला तर डॉक्टरांनी इंजेक्शन बाजूला ठेवून आधी बरगड्या चाचपल्या आणि म्हणाले हा 32 चा पाहिजे. थायरॉइडची टेस्ट करून घेतली, नॉर्मल आली. मग त्यांनी हाताची एक खूण दाखवली, घरी करून बघा. तळहात सपाट पालथा धरून बोटांच्या मागच्या हाडांवरून दुसरा हात फिरवा, कुत्र्याच्या बरगड्या तशा लागल्या तर वजन बरोबर. मूठ आवळून वरच्या हाडांसारख्या टोचल्या तर कुत्रा बारीक. आणि तळहाताच्या बाजूने दाबल्यावर जसं लागतं तसं लागलं तर जाड. भुऱ्या सरळ तळहात होता. वरून पाहिलं तर कंबर नावाची गोष्ट नव्हती, डॉक्टरांच्या जाडी मोजायच्या 9 च्या स्केलवर त्याला 8 मिळाले, आणि त्यात 4-5 चांगले असतात हे आईला समजावताना माझी वाट लागली कारण तिला वाटलं आपला पोरगा जवळपास पैकीच्या पैकी आला.

आता काट्याचा मुद्दा. आमच्याकडे फूडसोबत आलेला प्लास्टिकचा स्कूप होता, सगळे त्यानेच वाढायचे, "दोन स्कूप सकाळी, दोन संध्याकाळी" असं ठरलेलं. काटा आणल्यावर मी पहिलं काम हे केलं की घरातल्या प्रत्येकाला सांगितलं, नेहमीसारखा एक स्कूप भरून दे. माझा 78 ग्रॅम. बहिणीचा 71, ती कंजूस आहेच. आईचा 96. बाबांचा 112, वर डोंगर, आणि दोन दाणे खाली पडले ते भुऱ्याने उचलले ते वेगळेच. स्कूप तोच, खाणारा तोच, आणि फरक दीडपटीचा! कॅनडातल्या ग्वेल्फ युनिव्हर्सिटीने 2019 मध्ये शंभर कुत्रेवाल्यांकडून असंच कपाने फूड मोजून घेतलं होतं, त्यात कोणी निम्म्याने कमी भरलं तर कोणी अडीचपट. म्हणजे आमच्या बाबांचं काही खास नाही.

किती द्यायचं याचा हिशोब डॉक्टरांनीच करून दिला, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. जे वजन पाहिजे ते तीनदा गुणा, 32 गुणिले 32 गुणिले 32, त्याचं वर्गमूळ काढा, आलेल्याचं परत वर्गमूळ काढा, आणि 70 ने गुणा. 940 च्या आसपास येतं, तेवढ्या कॅलरी दिवसाच्या. (वजन उतरवायला हे साधारण चालतं, पण आपल्या कुत्र्याचा आकडा डॉक्टरकडून पक्का करून घ्या, पिल्लांना आणि आजारी कुत्र्यांना तर हे लावूच नका.) त्यातला दहावा भाग खाऊसाठी बाजूला ठेवायचा, उरल्या 850. आमच्या बॅगवर 100 ग्रॅमला 370 कॅलरी लिहिलंय, म्हणजे दिवसाचे 230 ग्रॅम. आणि बाबांच्या हाताने चार स्कूप म्हणजे 448. आता बोला.

इथे काट्याची मर्यादाही सांगतो. काटा फक्त बाऊलमध्ये पडलेलं मोजतो, हातातून गेलेलं मोजत नाही. आजी दुपारी त्याला दुधात कुस्करून दोन पोळ्या द्यायची. एक पोळी धरा शंभर कॅलरीच्या आसपास, वर दूध, म्हणजे दिवसाच्या कोट्याचा पाव हिस्सा तर आजीच्या ताटलीतच गेला. त्यात बिस्किटं, ग्लुकोजची, 100 ग्रॅमला साडेचारशे कॅलरी, चहाच्या वेळी. आजीला ग्रॅम सांगून काही होत नव्हतं, "काहून उपाशी मारून राहिला बे त्याले" हे रोजचं. शेवटी जमलं ते असं की सकाळी 230 ग्रॅम मोजून एका स्टीलच्या डब्यात भरायचे, डबा ओट्यावर, दिवसभर ज्याला जे द्यायचं ते त्या डब्यातून. आजीची पोळीही चालेल, अर्धी, खाऊच्या कोट्यातून. बाकी काकडी, गाजर, उकडलेली दुधी यावर जास्त रोखठोक नाही, फक्त फोडणीचं आणि कांदा घातलेलं नाही, द्राक्षं-मनुका तर अजिबात नाही, ते विषारी आहे कुत्र्यांना. संध्याकाळी डबा रिकामा झाला की आजी स्वतःच त्याला म्हणते "संपलं रे बाबा". भांडणं बंद झाली, हा काट्याचा साइड इफेक्ट म्हणा.

कोणी म्हणेल फिरवा ना भाऊ, जास्त फिरवा. फिरवतोच, हिवाळ्यात सेमिनरी हिल्सला चांगला तासभर जातो. पण नागपूरचा मे महिना ज्याला माहीत आहे त्याने मला सांगू नये. 45 डिग्री, नवतपा चालू, सकाळी सातलाच रस्ता तापायला लागतो, आणि जाड कुत्र्याला उष्माघाताचा धोका जास्त, आधीच धापा टाकतो. पहाटे पाच वाजता फुटाळा तलावापर्यंत जाऊन आलो की उरलेला दिवस हा कूलरसमोर आडवा. म्हणजे वर्षातले तीन महिने चालणं निम्म्यावर येतं आणि बाऊल तेवढाच राहतो, वजन तिथेच चढतं. काटा असला की एप्रिल लागला की दहा-पंधरा ग्रॅम कमी करता येतात, स्कूपने हे करून दाखवा.

बाकी लॅबवाल्यांसाठी एक गोष्ट. भुऱ्या जेवून पाचव्या मिनिटाला परत असं तोंड करतो की घरचे विरघळतात. केंब्रिजच्या लोकांनी 2016 मध्ये शोधलं की जवळपास चौथा हिस्सा लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा तुकडा गायब असतो, आणि नंतरच्या कामात दिसलं की अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मध्ये जास्त भूक लागते, वर बसल्या बसल्या कॅलरीही कमी जळतात. भुऱ्याचा जीन कोणी तपासला नाही, पण त्याच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही एवढं कळलं. आणि आजीला जे पटलं ते वेगळंच: अमेरिकेत 48 लॅब्राडॉर घेऊन 14 वर्षं चाललेला एक अभ्यास आहे, 2002 मध्ये छापून आला, त्यात एकाच वेतातल्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारे साधारण 13 वर्षं जगले, दुसरे 11.2. पावणेदोन वर्षं जास्त, आणि सांधेदुखीही उशिरा. आजीचे स्वतःचे गुडघे जातात, तिला सांधेदुखी म्हटलं की लगेच कळलं.

उतरतंय हळूहळूच, आठवड्याला एक टक्का, कधी दीड. दोन टक्क्यांच्या वर जाऊ नका म्हणाले डॉक्टर. आता 34 वर आहे, कंबर दिसायला लागली, गाडीत स्वतः उडी मारून चढतो. त्याचं स्वतःचं वजन घरी होत नाही, बाथरूम काट्यावर त्याला उचलून कोण उभं राहणार, क्लिनिकच्या प्लॅटफॉर्मवरच नेतो.

काट्याच्या तक्रारी: दोन मिनिटांत आपोआप बंद होतो, मध्येच फोन आला की परत शून्यापासून. कूलरचा झोत अंगावर आला की आकडा नाचतो, आडोशाला ठेवा. बाऊल ठेवून शून्य करायचं टेअर बटण असलेलाच घ्या, आणि काचेची प्लेट नको, आमच्या शेजाऱ्यांची शेपटीच्या एका फटक्यात गेली. ओलं फूड देत असाल तर प्लेट निघून धुता येईल असा बघा. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या ऑटो-ऑफचा कापला.