गोलकीपरला आकड्यांत मोजताना: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी स्वतः बरीच वर्षं फुटबॉलच्या गोलमध्ये उभा राहिलो. आता एका हौशी संघाच्या दोन कीपरांना सराव देतो. या हंगामाच्या सुरुवातीला ठरवलं, की कोण कसा खेळला हे सामना संपल्यावर आठवणीवरून बोलायचं नाही. प्रत्येक सामन्याचं चित्रीकरण करायचं, चौकटीत आलेला प्रत्येक फटका वहीत उतरवायचा आणि त्यावरून पोस्ट-शॉट एक्सजीचा हिशेब मांडायचा. त्याला आता नऊ महिने झाले. पद्धत मी सोडणार नाही, पण पहिल्या दोन महिन्यांत मी ती ज्या तऱ्हेने वापरली, तशी कुणी वापरू नये म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी ज्यांना हा आकडा नवा आहे त्यांच्यासाठी. साधा एक्सजी (एक्सपेक्टेड गोल्स, म्हणजे अपेक्षित गोल) फटका मारण्याच्या क्षणी काढतात: अंतर किती, कोन किती, पायाने मारला की डोक्याने, आणि अशा जागेवरून गोल होण्याची शक्यता किती. त्यात कीपरचा न्याय होत नाही, कारण त्याच जागेवरून एक जण चेंडू थेट कीपरच्या छातीवर मारतो आणि दुसरा वरच्या कोपऱ्यात. पोस्ट-शॉट एक्सजी चेंडू पायातून सुटल्यानंतरचं बघतो. 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच चौकटीत तो कुठे चालला होता, हे त्यात धरलेलं असतं. काही मॉडेलांमध्ये वेगही असतो. बाहेर जाणाऱ्या फटक्याला शून्य. अशा सगळ्या फटक्यांची बेरीज करायची आणि त्यातून प्रत्यक्ष झालेले गोल वजा करायचे. उत्तर अधिक आलं तर कीपरने अपेक्षेपेक्षा जास्त गोल वाचवले.

याची गरज का वाटली? कारण आधीची मापं कीपरपेक्षा त्याच्या संघालाच जास्त मोजतात. स्पेनमधली झामोरा ट्रॉफी सामन्यामागे सर्वांत कमी गोल खाणाऱ्याला मिळते. यान ओब्लाकने 2021 पर्यंत ती पाच वेळा जिंकली होती. तो थोर कीपर आहेच, पण त्याच्यापुढे अॅटलेटिको माद्रिदची बचावफळी होती हेही तितकंच खरं. क्लीन शीटचंही, म्हणजे एकही गोल न खाता संपवलेल्या सामन्यांचंही, तसंच. 2022-23 मध्ये प्रीमियर लीगचा गोल्डन ग्लोव्ह 17 क्लीन शीटसह डेव्हिड डी गेयाला मिळाला आणि त्याच उन्हाळ्यात त्याचा मँचेस्टर युनायटेडशी असलेला करार संपला. त्याच्या जागी आंद्रे ओनाना आला, कारण संघाला पायाने खेळ उभारणारा कीपर हवा होता. 17 हा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नव्हता.

सेव्हची मोजणीसुद्धा वाटते तेवढी पक्की नसते. 2014 च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध अमेरिकेचा कीपर टिम हॉवर्डच्या नावावर आधी 16 सेव्ह लागले आणि नंतर ते 15 झाले. पोस्टबाहेर चाललेल्या चेंडूला कीपरचा हात लागला तर तो सेव्ह धरायचा की नाही, असल्या प्रश्नांवर दोन नोंदणारे दोन आकडे देतात. मी स्वतःच एक सामना महिन्याभराच्या अंतराने दोनदा नोंदवून पाहिला. दोन फटक्यांवर माझं माझ्याशीच जमलं नाही.

आमच्यासारख्यांकडे तयार मॉडेल कुठून येणार? मी स्टॅट्सबॉम्ब या फुटबॉलची आकडेवारी गोळा करणाऱ्या कंपनीचा मोफत खुला डेटा घेतला. त्यात 2018 आणि 2022 च्या पुरुष विश्वचषकांचे सगळे सामने आहेत, महिलांचा 2023 चा विश्वचषकही आहे. प्रत्येक फटक्याचा शेवट लांबी, रुंदी आणि उंची अशा तीन अंकांत दिलेला असतो आणि मारण्याच्या क्षणी कीपर व जवळचे खेळाडू कुठे उभे होते, हेही मिळतं. चौकटीचे नऊ भाग पाडले, अंतराचे तीन पट्टे केले आणि प्रत्येक खणात किती टक्के फटके गोल झाले ते काढलं. ओबडधोबड काम आहे, मान्य. शिवाय तिथले फटके आमच्या मैदानावरच्या फटक्यांपेक्षा कितीतरी वेगवान, त्यामुळे माझे दोन्ही कीपर कागदावर उगाच भारी दिसायचे. म्हणून हा आकडा बाहेरच्या कुणाशी ताडून पाहायचा नाही, आपल्या दोघांची आपसात आणि एकाची स्वतःशीच तुलना करायला वापरायचा, हा नियम मी दुसऱ्याच आठवड्यात केला.

आता माझी चूक. सात सामन्यांनंतर धाकटा कीपर अपेक्षेपेक्षा तीन गोलांनी मागे होता. थोरला थोडा पुढे. मी धाकट्याला जवळ बोलावून सांगितलं, की तुझे हात उशिरा निघतायत, दोन सामने बाहेर बसून सराव कर. एकोणीस वर्षांचा मुलगा. एक शब्द बोलला नाही, हातमोजे उचलून गेला. पुढच्या आठवड्यात मी ते सगळे गोल सावकाश, एकेक करून पुन्हा पाहिले. त्यातले तीन गोल आमच्याच बचावपटूंना लागून वळलेल्या चेंडूंवर झाले होते. पहिल्या दिशेला तो बरोबर निघाला होता. चेंडू वळला तेव्हा त्याचं वजन दुसऱ्या पायावर होतं. माझ्या वहीत मात्र चेंडू शेवटी कुठे गेला एवढंच होतं आणि तिथे ‘सोपा फटका, गोल’ अशी नोंद पडली होती. मी त्याच्यापाशी गेलो आणि चूक माझी होती हे सांगितलं. तेव्हापासून वळलेल्या फटक्यांचा रकाना वेगळा आहे आणि ते मी बेरजेत धरत नाही.

पण वळलेले फटके बाजूला ठेवले तरी एक मोठी गोष्ट उरते, आणि ती साध्या गणिताची आहे. समजा हंगामात 130 फटके चौकटीत आले आणि प्रत्येकाची गोल होण्याची शक्यता 0.3 आहे. अपेक्षित गोल 39. आता 130 गुणिले 0.3 गुणिले 0.7 केलं की 27.3 येतात आणि त्याचं वर्गमूळ साधारण 5.2. म्हणजे अगदी सरासरी कीपरसुद्धा निव्वळ योगायोगाने 34 किंवा 44 गोल खाऊ शकतो. पूर्ण हंगामाची ही गत! सात सामन्यांत 30 फटके धरले तर हाच योगायोग अडीच गोलांचा होतो. मी ज्या तीन गोलांवरून त्या मुलाला बसवलं, त्यांची एवढीच किंमत होती. या पद्धतीतून कुणी एकच गोष्ट उचलणार असेल तर ही उचलावी: महिन्याभराच्या बेरजेवरून कीपर बदलू नका.

मग आकडा कामाचा कुठे येतो? कुठली क्लिप बघायची ते दाखवायला. थोरल्याची बेरीज उत्तम होती, पण खण वेगवेगळे करून पाहिले तर डावीकडच्या जमिनीलगतच्या फटक्यांवर बरेच गोल दिसले. नुसत्या नजरेने मला हे कधीच दिसलं नव्हतं, कारण तो उंच फटके इतक्या देखणेपणाने काढतो की आठवणीत तेच राहतात. क्लिपा सलग लावल्या तेव्हा कारण सापडलं. चेंडू मारला जाण्याच्या नेमक्या क्षणी तो छोटी उडी घेत होता. फटका सुटताना दोन्ही पाय जमिनीवर, वजन चवड्यांवर, हे आम्ही पहिल्या दिवसापासून शिकवतो. याचे पाय मात्र हवेत असायचे. खाली येऊन मग झेपावायचं म्हणजे जमिनीलगतच्या चेंडूला उशीर झालाच. आता क्लिपांमध्ये त्याचे पाय वेळेत टेकलेले दिसतात. गोल कमी झाले का, हे सांगण्याइतके फटके अजून आलेले नाहीत.

सगळ्यात जास्त विचार मला जागेने करायला लावला. कीपरचं अर्धं काम फटक्याआधी संपलेलं असतं: कोन कापणं, दोन पावलं पुढे येणं, जवळचा पोस्ट झाकणं. हा आकडा फटक्यानंतर सुरू होतो. कीपर नेमक्या वेळी पुढे आला, स्ट्रायकरला जागाच दिसली नाही आणि त्याने बाहेर मारला, तर त्या फटक्याची किंमत शून्य आणि कीपरला श्रेयही शून्य. 2022 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या मिनिटांत फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर आला, तेव्हा अर्जेंटिनाचा कीपर एमिलियानो मार्टिनेझने पुढे येऊन अंग पसरलं आणि डाव्या पायाने चेंडू अडवला. तो सेव्ह म्हणून नोंदला गेला. तेच पसरलेलं अंग बघून फ्रेंच खेळाडूने चेंडू बाहेर घातला असता, तर कीपरचं काम तेवढंच आणि नोंद कोरी.

याची उलट बाजू आणखी फसवी आहे. मॉडेलमध्ये कीपर कुठे उभा होता हेही धरलं, तर चुकीच्या जागी उभ्या राहिलेल्या कीपरसमोर गोलची शक्यता वाढते आणि त्याला गोल माफ होतो. जागा चुकवल्याचं जणू बक्षीसच. जागा धरलीच नाही, तर चांगल्या जागेमुळे सोपा झालेला सेव्ह अवघड म्हणून गणला जातो. तिथे निदान श्रेय योग्य माणसाला जातं. त्यामुळे कुठल्याही तयार आकड्याकडे बघताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की यात कीपरची जागा धरली आहे का. मी माझ्या हिशेबात ती धरत नाही. वहीत वेगळी लिहितो.

फटका नसलेल्या चुकांचं काय, हे समजायला 2018 ची चॅम्पियन्स लीगची फायनल पुन्हा बघा. लिव्हरपूलचा कीपर लोरिस कारियुसने हाताने सोडलेल्या चेंडूला रेआल माद्रिदच्या बेन्झेमाने पाय घातला आणि चेंडू गोलमध्ये गेला. पुढे बेलचा लांबचा फटका त्याच्या हातांतून निसटला. दुसऱ्या गोलची शिक्षा पोस्ट-शॉट एक्सजी बरोबर देतो, पहिल्याला त्याच्याकडे नीट शब्दच नाही. आणि दोन्हींच्या आधी माद्रिदचा बचावपटू रामोसशी झालेली टक्कर तर कुठल्याच रकान्यात नाही. सामन्यानंतर काही दिवसांनी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं. एवढं झाल्यावर त्या रात्रीचा आकडा कुणी त्याच्या तोंडावर फेकला की मला आजही वाईट वाटतं.

क्रॉसबद्दल, म्हणजे बाजूने गोलसमोर टाकलेल्या चेंडूंबद्दल, थोडक्यात: किती पकडले हे मोजून उपयोग नाही, किती पकडण्याजोगे होते ते मोजा. लाइनवर चिकटून राहणारा कीपर क्रॉस सोडतो आणि त्याची चूक बचावपटूच्या खात्यावर पडते. बचावफळीमागे धावत येऊन चेंडू काढणंही वेगळं लिहा. 2014 च्या विश्वचषकात अल्जेरियाविरुद्ध जर्मनीच्या मॅन्युएल नॉयरने पेनल्टी क्षेत्राबाहेर येऊन जे केलं, त्यातला बराच भाग फटके होण्याआधीच संपला होता, सेव्हच्या यादीत तो शोधून सापडणार नाही. पायाचा खेळ मी सध्या नोंदवतच नाही. 2019 पासून गोलकिकचा चेंडू सहकाऱ्याला पेनल्टी क्षेत्राच्या आतच घेता येतो, त्यामुळे तो विषय वाढलाय, पण संघ चेंडू कसा बाहेर काढतो यावर कीपरचा पास इतका अवलंबून असतो की एकट्या माणसाला ते नोंदणं झेपत नाही.

पेनल्टी बेरजेतून काढून टाका. एकेका पेनल्टीची किंमत पाऊण गोलाच्या आसपास असते आणि हंगामात आलेल्या तीन-चार पेनल्टी सगळं चित्र फिरवतात. 2023 च्या महिला विश्वचषकाच्या फायनलमध्ये इंग्लंडची कीपर मेरी अर्प्सने स्पेनच्या हेर्मोसोची पेनल्टी थांबवली. ती तयारी आणि ते धैर्य यांचा अभ्यास स्वतंत्रच करावा.

वेळ लागतो. एका सामन्याला मला दोन तास जातात आणि थकलेल्या डोळ्यांनी केलेली नोंद दुसऱ्या दिवशी पुसावी लागते. कॅमेरा गोलमागे थोडा उंच असेल तरच जागा आणि पाय कळतात. बाजूने घेतलेल्या चित्रणावरून मी आता जागेचा रकाना भरतच नाही.

गेल्या महिन्यापासून एक बदल केलाय. आकडा दाखवण्याआधी मी कीपरलाच क्लिप देतो आणि विचारतो, तू कुठे उभा होतास, कुठे असायला हवं होतं, तुला चेंडू कधी दिसला. तो तिसरा प्रश्न माझ्या वहीत आठ महिने नव्हता. धाकट्याने पहिल्याच दिवशी एका गोलवर लिहिलं, ‘चेंडू दिसलाच नाही, पुढे आपलाच माणूस होता.’ चित्रण थांबवून पाहिलं, तर खरंच तिथे आमचा मधला बचावपटू उभा होता. आता आम्ही दोघं मिळून त्या बचावपटूला कुठे उभं करायचं ते ठरवतोय.