टिमोथी गवत आणि मोजून दिलेले पेलेट: जाड सशासाठी सहा महिने वापरल्यावर

निकाल आधी सांगतो. २.८ किलोचा प्रौढ ससा सहा महिन्यांत २.३ किलोवर आला, आणि एक दिवसही उपाशी राहिला नाही. साधनं तीनच: हवं तेवढं टिमोथी गवत, मोजलेले पेलेट (सशांचं तयार दाणेदार खाद्य) आणि एकेक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. यातलं एकच घ्यायचं असेल तर काटा घ्या.

कारण जाडीचं मूळ बहुतेक वेळा पेलेटच्या वाटीत असतं. दाणा बारीक असला की त्याच वाटीत जास्त ग्रॅम मावतात, म्हणून वाटीचं माप धरू नका. आधी तीन दिवस नेहमीसारखं खाऊ घालून रोज किती ग्रॅम जातात ते लिहून ठेवा. ८० ग्रॅम निघाले तर दर आठवड्याला ६५, ५०, ३५ आणि मग २५ असं उतरवा. आम्ही शेवटचा आकडा किलोमागे साधारण १० ग्रॅम धरला, तोही आजच्या वजनावर नव्हे तर जे गाठायचं आहे त्या वजनावर. पाकिटावर तंतू २० टक्क्यांच्या पुढे, प्रथिनं १२ ते १४ आणि स्निग्धांश ३ टक्क्यांच्या आत असावा. रंगीत दाणे नि बिया मिसळलेलं खाद्य बंदच करा. ससा त्यातलं गोड, पिठूळ तेवढं वेचतो आणि तंतूचा भाग तसाच ठेवतो.

एका झटक्यात पेलेट बंद करण्याचा मोह आवरा, ही चूक जिवावर बेतते. सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. खाणं थांबलं की ते मंदावतं, आणि जाड सशात अंगावरची चरबी यकृतात साठून यकृतच निकामी होऊ शकतं. गवताला तोंड लावलं नाही, लेंड्या बारीक झाल्या किंवा कमी पडल्या, तर पेलेटची कपात तिथेच थांबवा. खाणं पूर्ण थांबलं असेल तर १२ तास उलटण्याची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या.

आता गवत. पेलेटला सोकावलेला ससा पहिले काही दिवस गवताकडे बघतही नाही. पहिल्या कापणीचं टिमोथी जाड काड्यांचं आणि जास्त तंतूचं असतं, पण सुरुवातीला दुसऱ्या कापणीचं मऊ, पानाळ गवत जास्त चालतं. नंतर दोन्ही मिसळून हळूहळू पहिल्यावर यावं. जाळीच्या रॅकपेक्षा शीच्या ट्रेच्या एका टोकाला गवत ठेवलेलं बरं, कारण ससे तिथे बसून खातात. सकाळी मोठा ढीग टाकण्यापेक्षा दिवसातून तीनदा ताजी मूठ घाला. वासानेच तो येतो. रोजचे पेलेटही त्याच गवतात विखरून द्या. दिवसाकाठी सशाच्या अंगाएवढा ढीग संपायला हवा. आठवडा उलटूनही तो काड्या तोंडात घेऊन सोडून देत असेल तर आवडीनिवडीला दोष देऊ नका, दाढा तपासून घ्या. अल्फाल्फा (लसूणघास) मात्र इथे नको. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त. ते सहा महिन्यांखालच्या पिलांसाठी आणि दूध पाजणाऱ्या मादीसाठी.

हिरवा पाला चालू ठेवला, फळं नि गाजर बंद केलं. तीन आठवडे काटा हलला नाही तर आधी घरात विचारा. केळ्याचा तुकडा कोणीतरी देत असतं.

वजन आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, पेलेट देण्याआधी करा. टबात टॉवेल अंथरून काटा शून्यावर आणा आणि मग ससा ठेवा. पोटातल्या गवतानेच बऱ्याच ग्रॅमांचा फरक पडतो, म्हणून रोजचा आकडा फसवा. चार आठवड्यांचा कल बघा. आठवड्याला सुमारे १ टक्का, म्हणजे या सशाला २५ ग्रॅमच्या आसपास घट हवी. सलग दोन आठवडे २ टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर ५ ग्रॅम पेलेट वाढवा. काट्यासोबत हातही वापरा: बरगड्या पातळ कापडाखालच्या पेन्सिलींसारख्या लागल्या पाहिजेत. मादीच्या गळ्याखालची घडी पाहून निष्कर्ष काढू नका, ती निरोगी मादीलाही असते.

सगळ्यात आनंदाचा बदल मागच्या बाजूला दिसला. ससा मऊ लेंड्या थेट गुदद्वारातून खातो. जाड सशाचं तोंड तिथवर पोचत नाही आणि पेलेट जास्त असले की त्या उरतातही, मग केस चिकटून त्यांचा गोळा होतो. उष्ण हवेत तिथे माश्या अंडी घालतात, म्हणून वजन उतरेपर्यंत रोज उलटवून बघावं लागतं. पाचव्या महिन्यापासून तिथले केस कोरडे नि स्वच्छ राहू लागले.

तक्रारी दोन. गवत फार सांडतं, आणि धूळही उडते. देण्याआधी झटकून घ्या, साठवायला हवा खेळणारी कापडी पिशवी वापरा, बंद प्लास्टिकमध्ये बुरशी येते. दुसरं म्हणजे जोडीने राहणारे ससे असतील तर पेलेटच्या वेळी दहा मिनिटं वेगळे ठेवा, नाहीतर एकाचा वाटा दुसऱ्याच्या पोटात जातो.

२.३ किलो गाठल्यावर पेलेट आठवड्याला २ ग्रॅमने वाढवत नेले, वजन स्थिरावलं तिथे थांबलो. काटा अजून ट्रेशेजारीच आहे.