जेथ्रेड चार महिने वापरून: थांब म्हटलं की थांबतो का?

चार महिने झाले जुने थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारी कामं) काढून सी प्लस प्लस भाषेच्या 20 या आवृत्तीतले जेथ्रेड टाकलेत, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच केलं असतं.

आधीचा प्रकार सांगतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये मागे तीन थ्रेड चालतात, एक लॉग लिहितो, एक सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवर, कान लावून बसतो, एक दर 30 सेकंदांनी कॅशे (तात्पुरता साठवलेला डेटा) साफ करतो. चालू असताना सगळे गुण्यागोविंदानं, बंद करायला गेलं की नाटकं. कधी क्रॅश, कधी लटकलेला. क्रॅशचं कारण सरळ होतं, जुना थ्रेड जॉइन (तो संपेपर्यंत वाट बघणं) किंवा डिटॅच (त्याला मोकळं सोडणं) न करता नष्ट झाला तर तो प्रोग्रॅमच बंद पाडणारं टर्मिनेट बोलावतो, मधेच एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) उडून जॉइनची ओळ राहिली की अख्खा प्रोग्रॅम आडवा. लटकण्याच्या कारणानं मात्र माझ्या दोन रात्री खाल्ल्या. थांबायचा फ्लॅग होता, अ‍ॅटॉमिकही (अनेक थ्रेडनी एकदम हात लावला तरी न बिघडणारा) होता, पण तो म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं लॉक) न घेताच ट्रू करून नोटिफाय करायचो, म्हणजे झोपलेल्या थ्रेडला हाक मारायचो. लॉगवाला फ्लॅग बघणार, अजून फॉल्स आहे म्हणून झोपायला निघणार, आणि नेमकं तेवढ्या फटीत इकडून फ्लॅग बदलून हाक मारून झालेली. तो झोपला तो झोपलाच, आणि मेन थ्रेड जॉइनवर ताटकळत उभा. डीबगर लावला की एकदाही होणार नाही, अर्थातच!

जेथ्रेड हे सगळं अंगावर घेतो. नष्ट होताना आधी स्वतःच रिक्वेस्ट स्टॉप करतो, मग जॉइन. फंक्शनचा पहिला पॅरामीटर स्टॉप टोकन ('थांब म्हटलंय का' हे ज्याला विचारायचं तो) ठेवला की तो आपोआप हातात येतो, लूपमध्ये विचारत राहायचं. कंडिशन व्हेरिएबलच्या (थ्रेडला झोपवून हाकेवर उठवणारी सोय) वेटला टोकन दिलं तर वरची फटही बुजते, फक्त त्यासाठी 'एनी' वालं कंडिशन व्हेरिएबल लागतं, साध्याला ही सोय नाही.

आता तक्रारी. पहिल्याच दिवशी प्रोग्रॅम बंद व्हायला जवळपास अर्धा मिनिट लागला, बघतो तर कॅशेवाला स्लीप फॉरमध्ये (ठरलेला वेळ झोपवणारं फंक्शन) घोरतोय. स्टॉप ही नुसती विनंती आहे, झोपलेल्याला ती ऐकू जात नाही. मग स्लीप काढून तिथे टोकनवालं वेट फॉर टाकलं, कधीच खरी न होणारी अट देऊन, आता हाक मारली की लगेच उठतो. सॉकेटवाला त्याहून हट्टी. लिनक्सवर दुसऱ्या थ्रेडमधून नुसतं क्लोज केलं तरी रिसीव्हमध्ये, डेटाची वाट बघत, अडकलेला जागचा हलत नाही, म्हणून स्टॉप कॉलबॅकमध्ये (थांब म्हटलं की आपोआप चालणारं फंक्शन) सॉकेटवर शटडाउन मारला तेव्हा सुटला. पण हा कॉलबॅक थांब म्हणणाऱ्याच्याच थ्रेडवर चालतो, त्यामुळे हातात लॉक धरून स्टॉप मागितला आणि कॉलबॅकनंही तेच लॉक मागितलं की झालं, बसा.

अजून एक, क्लासमध्ये जेथ्रेड सगळ्यात शेवटी डिक्लेअर करा. मेंबर उलट्या क्रमानं नष्ट होतात, मी तो वरती ठेवला होता, म्हणजे रांग आणि म्युटेक्स आधी मेले आणि थ्रेड त्यांच्यावरच हात मारत बसला. हे कुठलाही कंपायलर माझ्या कानात सांगायला आला नाही. आणि चालू जेथ्रेडवर नवीन जेथ्रेड असाइन केला तर आधी जुन्याला थांबवून त्याची वाट बघितली जाते, आमचं रीस्टार्ट बटण त्यामुळे गोठायचं.

आमच्यात एक जण अजून म्हणतो की सरळ मारून टाकायची सोय का नाही दिली. जावानं दिली होती की, थ्रेड स्टॉप, 1.2 पासूनच वापरू नका म्हणत होते आणि जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट संच) 20 मध्ये तर ते बोलावलं की फक्त एक्सेप्शन मिळायला लागला. मधेच मारलं की लॉक सुटतात आणि डेटा अर्धवट राहतो, तो बघायला परत आम्हीच.

जेथ्रेड जीसीसी कंपायलरच्या 10 पासून चालतो, क्लँग या दुसऱ्या कंपायलरवाल्यांना लायब्ररीच्या 18 व्या आवृत्तीत एक्सपेरिमेंटलचा वेगळा फ्लॅग द्यावा लागायचा. 5 पैकी 4 स्टार. एक कापला तो स्लीप फॉरला टोकन देता येत नाही म्हणून, इतकं केलंत तर तेवढंही करायचं होतं की.