मॉरिस मायनरला सर्व्हो: बसवावा की आहेत तेच ब्रेक नीट करावेत?

रोज आधुनिक गाडी चालवणारा माणूस मॉरिस मायनर या जुन्या ब्रिटिश गाडीत बसला की पहिल्याच सिग्नलला म्हणतो, "ब्रेक लागतच नाही!" आणि मग सर्व्होचा, म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमने पेडलचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचा विषय निघतो. खर्च करण्याआधी एक करून बघा. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, 30-40 च्या वेगात पेडल जोरात दाबा. चाकं लॉक होत असतील तर ब्रेकमध्ये ताकद पुरेशी आहे. त्यापुढे पकड टायरची. अशा गाडीला सर्व्हो लावून ती आधी थांबणार नाही, फक्त पायाला कमी जोर लागेल.

चाकं लॉक होत नसतील तर दोष बहुतेक वेळा जुनेपणाचा असतो: काचेसारखे गुळगुळीत झालेले लायनर (ड्रमवर घासणारा थर), जाम झालेला व्हील सिलिंडर (चाकातले शू ढकलणारा पिस्टन), आतून फुगलेला होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी). मायनरच्या पुढच्या चाकांत दोन्ही शू (ड्रमला आतून दाबणारे, लायनर लावलेले तुकडे) लीडिंग असतात, म्हणजे फिरता ड्रम त्यांना स्वतःकडे ओढून घेतो. मूळ गाडीला सर्व्होची गरज भासली नाही ती यामुळेच. पुढे प्रत्येक चाकाला शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारे दोन अ‍ॅडजस्टर असतात आणि मेकॅनिक हमखास एकच फिरवतो. दोन्ही शू ड्रमला टेकेपर्यंत आणून किंचित सैल केले की पेडल लगेच वर येतं. हा उपाय फुकटातला. 1962 नंतरच्या 1098 सीसी गाडीला पुढे 8 इंची ड्रम आहेत. त्याआधीच्या 7 इंचीवाल्यांनी तेच ड्रम शोधणं हाही चांगला मार्ग.

आता सर्व्हो. मायनरचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल दाबणारा भाग, ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीत असतो. त्यामुळे पेडलपासून लांब बसणारा वेगळा रिमोट सर्व्होच लागतो: पाइप बॉनेटखाली आणायचा, सर्व्होतून परत न्यायचा, इनलेट मॅनिफोल्डला भोक पाडून व्हॅक्यूम घ्यायचा, मध्ये हवा एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. बाजारात सहज मिळणारे प्रकार ब्रेक लाइनमधल्या ऑइलचा दाब साधारण 1.9 पट करतात. गुडघे दुखत असतील किंवा गाडी घरातल्या सगळ्यांनी चालवायची असेल, तर हा खर्च मला पटतो. मात्र चारही चाकांना ड्रम असताना ओल्या रस्त्यावर पाय फार हलका ठेवावा लागतो, चाकं पटकन घसरतात.

सर्व्होने दुखणीही वाढतात. व्हॅक्यूमचा होज गळला की आयडलिंग बिघडतं. आतलं सील गेलं तर ब्रेक ऑइल इंजिनात ओढलं जातं: बाहेर एक थेंब दिसत नाही, ब्रेक ऑइलची टाकी मात्र उतरत जाते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. इंजिन बंद पडलं तर एखाद-दोन वेळा मदत मिळते, मग नेहमीचं जड पेडल.

घाटाचा प्रश्न वेगळाच. खंबाटकी उतरताना ड्रम तापले की लायनरची पकड जाते, त्यावर सर्व्होचा उपयोग शून्य. तिथे दुसरा गिअर, नाहीतर पुढे डिस्क. डिस्कमध्ये ती आपोआप ओढून घेण्याची सोय नसल्याने पेडल जड होतं, आणि तेव्हा सर्व्हो खरा कामाला येतो.

पैसे एकाच कामापुरते असतील तर माझं मत टँडम मास्टर सिलिंडरला, म्हणजे ब्रेकचे दोन स्वतंत्र ऑइल-मार्ग (सर्किट) चालवणाऱ्या सिलिंडरला. मूळ मायनरला एकच सर्किट आहे. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, हातात उरतो फक्त हँडब्रेक. पण टँडम आणि सर्व्हो दोन्ही हवे असतील तर आधीच ठरवा. साधा रिमोट सर्व्हो एकाच सर्किटवर चालतो, त्यामुळे दोन सर्व्हो घ्यावे लागतात किंवा एकच पुढच्या चाकांना द्यावा लागतो.