आठ महिने, दोन शिफ्ट: लिनियर रेल आणि सक्शन कप वापरल्यानंतर

तेल लागलेले पत्रे थप्पीवरून उचलून प्रेसमध्ये ठेवणारं यंत्र आम्ही जोडलं, त्याला आता आठ महिने झाले. पत्रा १२५० बाय ६०० मिमी, जाडी २ मिमी, वजन साधारण १२ किलो. आडवा प्रवास २.२ मीटरचा, टायमिंग बेल्टवर. वर-खालचा अक्ष बॉल स्क्रूवर, म्हणजे ज्याची नट गोळ्यांवर धावते अशा आट्यांच्या दांड्यावर. दोन्हीकडे २० नंबरची (२० मिमी रुंद) रेल. पकडायला ६० मिमी व्यासाचे चार सक्शन कप आणि इजेक्टर, म्हणजे कॉम्प्रेस्ड हवेच्या झोताने कपातली हवा ओढून निर्वात करणारा भाग. दिवसाला १४ तास काम, दर १५ सेकंदांना एक पत्रा.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो. रेल आणि मोटर एकाने निवडली, कप दुसऱ्याने. कप निवडताना हिशेब झाला तो फक्त वजनाचा: ६० किलोपास्कल निर्वातावर एका कपाची ताकद सुमारे १७० न्यूटन, चारांची मिळून ६८०. पत्र्याचं वजन ११८ न्यूटन. पावणेसहा पट ताकद आहे म्हटल्यावर कोणाला शंका येणार?

पत्रा सरळ वर उचलताना एकदाही सुटला नाही. तो सरकायचा आडवा पळताना, अक्ष वेग धरायचा तेव्हा. त्या क्षणी पत्र्याला धरून ठेवतं ते घर्षण, आणि तेलामुळे तेच नाहीसं झालेलं असतं. आडव्या प्रवासासाठी हिशेब असा: गुरुत्व त्वरणात, आडवं त्वरण भागिले घर्षणांक मिळवायचं, त्याला वस्तुमानाने गुणायचं आणि वर सुरक्षेसाठी दुप्पट करायचं. आमचं त्वरण ५ मीटर प्रति सेकंद वर्ग होतं. कोरड्या पत्र्याला घर्षणांक ०.५ धरला तर ४७५ न्यूटन पुरतात. तेलकट पत्र्याला ०.१ धरला की गरज जाते १४३५ वर. सुरक्षेची दुप्पट काढून टाकली तरी ७१८ उरतात, आणि आमच्याकडे होते ६८०. पत्रा सरकणारच होता.

उपाय ड्राइव्हच्या सेटिंगमध्येच निघाला. पत्रा धरलेला असताना त्वरण १.५ वर आणलं, गरज ५९५ न्यूटनवर उतरली. रिकामी परतीची फेरी पूर्वीच्याच जोरात ठेवली. एका सायकलमध्ये सेकंदभर गेला, तो थप्पीवरच्या वाट पाहण्यात वळता झाला. म्हणून मनापासून सांगतो, अक्ष आणि कप एकाच कागदावर, एकाच माणसाने बसून निवडावेत.

निर्वात आणखी वाढवू, ६० चं ९० करू, हा सल्ला आम्हालाही मिळाला होता. ताकद दीडपट होते हे खरं, पण तिथवर पोचायला वेळ आणि हवा कितीतरी जास्त लागते. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. कप बदलले. आधीचे दीड घडीचे बेलो कप (भात्यासारखे दबणारे) थप्पीची उंची कमी-जास्त असली तरी छान बसायचे, पण थांबताना पत्रा त्यांच्यावर झुलायचा. आता तेलकट पत्र्यासाठी आतून खाचा असलेले चपटे नायट्राइल रबराचे कप आहेत, मागे स्प्रिंगचा दांडा. खाचांतून तेल बाजूला सरतं आणि रबर धातूला भिडतं. फरक पहिल्याच दिवशी दिसला. सिलिकॉन आम्ही टाळलं, कारण पुढे या भागांना रंग लागतो आणि सिलिकॉनचा अंश राहिला तर रंग नीट धरत नाही.

इजेक्टर हवा वाचवणारा घेतला, हा निर्णय शंभर टक्के बरोबर ठरला. ठरलेलं निर्वात मिळालं की तो हवा बंद करतो, गळतीने निर्वात उतरलं की पुन्हा चालू होतो. याचा एक फायदा नंतर कळला: एका पत्र्यामागे तो किती वेळा चालू होतो, हे मोजलं की कपाची कड झिजल्याचं आधीच कळतं. नवे कप असताना तो एकदाच चालतो. तीन-चार वेळा टिकटिक ऐकू आली की आमचा ऑपरेटर स्वतःच कप तपासतो. पण एकाच नळीवर चारही कप ठेवू नका. एका कपाची कड फाटली आणि चौघांचं निर्वात गेलं, हे आमच्याकडे झालं आहे. आता समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या दोन जोड्या, प्रत्येकीला वेगळा इजेक्टर आणि पुरेसं निर्वात झालं की सिग्नल देणारा वेगळा व्हॅक्यूम स्विच. दोन्हींचा सिग्नल आल्याशिवाय अक्ष हलत नाही.

आता रेल. चौथ्या महिन्यात आडव्या अक्षाचा एक ब्लॉक, म्हणजे रेलवर गोळ्यांनी सरकणारा तुकडा, आवाज करू लागला. आधी मालावर शंका घेतली, ती चुकीची निघाली. फ्रेम ॲल्युमिनियम प्रोफाइलची, मशिनिंग न केलेली, आणि त्यावर आम्ही मध्यम प्रीलोडचे (आतल्या गोळ्या आधीच दाबून घट्ट बसवलेले) ब्लॉक बसवले होते. डायल गेज (बारीक फरक मोजणारं काट्याचं मापक) फिरवल्यावर दोन्ही रेल समांतर नसल्याचं दिसलं. घट्ट ब्लॉकला तो फरक सोसत नाही, फरकच भार होऊन बसतो. बॉलच्या रेलमध्ये भार दुप्पट झाला की आयुष्य आठव्या भागावर येतं. एक रेल सरळ पट्टीला टेकवून पक्की केली, दुसरी ब्लॉक हळूहळू सरकवत कसली, आणि हलक्या प्रीलोडचे ब्लॉक घेतले. तेव्हापासून शांतता आहे.

कॅटलॉग वाचताना एक सांभाळा. कोणी भारक्षमता ५० किमी प्रवासावर देतं, कोणी १०० किमीवर. ५० वालीचा आकडा त्याच रेलसाठी १.२६ पट मोठा दिसतो. आम्ही दोन कॅटलॉग शेजारी ठेवून मोठा आकडा निवडणार होतो.

ग्रीसचा हिशेबही किलोमीटरमध्ये करा. अनेक पुस्तिकांत दर १०० किमीला ग्रीस सांगितलेलं असतं. आमचा ब्लॉक दिवसाला सुमारे १५ किमी धावतो, म्हणजे ते आठवड्याचं काम झालं. सुरुवातीला आम्ही महिन्याला करत होतो. ग्रॅफाइट असलेलं ग्रीस यात घालू नये.

बॉल स्क्रूबद्दल तक्रार नाही. फक्त तो भाराने उलटा फिरतो, त्यामुळे उभ्या अक्षाच्या मोटरला ब्रेक हवाच.

एक दुखणं अजून शिल्लक आहे. तेलाने दोन पत्रे चिकटून वर येतात. कडेला पत्रे एकमेकांपासून सुटे करणारे चुंबकी सेपरेटर लावलेत, एक कोपरा आधी उचलून थोडं थांबतो, त्याने बरंच कमी झालं. तरी आठवड्यातून एखादी जोडी येतेच, म्हणून पुढच्या बंदच्या दिवशी जाडी ओळखणारा सेन्सर बसवणार आहोत.